चौरंगीवरचे फिर्पो

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अशा मंगल प्रसंगी वक्त्याने संतवाङ्मयावर किंवा मराठी रंगभूमीवर बोलावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. मी मात्र आज एका इटालियन हॉटेलाविषयी बोलणार आहे. आपल्यातील ज्येष्ठांना त्याचे नाव सांगताच चौरंगीचा जुना रस्ता आठवेल. ते हॉटेल म्हणजे फिर्पो.

१९११ पर्यंत हे शहर ब्रिटिश हिंदुस्थानच्या राजधानीचे होते. राज्य साहेबाचे खरे. पण त्याच्या मेजवानीची सिद्धता अनेकदा इटालियन वा स्विस माणसाच्या हाती असे. फेदेरिको पेलिती हा त्यांपैकी एक. कारिन्यानो गावचा हा गृहस्थ तुरीनला शिल्पकला शिकलेला; परंतु १८६९ साली तो व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा मिठाईकार म्हणून येथे आला. १८७२ साली पोर्ट ब्लेअर येथे मेयोंचा खून झाला. आश्रयदाता गेला, तरी पेलिती परतला नाही. लाटसाहेबांच्या प्रासादाजवळ, गव्हर्नमेंट प्लेस ईस्टवर त्याने उपाहारगृह थाटले. सिमल्यालाही दुसरे काढले. किपलिंगच्या कथांत त्या सिमल्याच्या उपाहारगृहाचा उल्लेख आहे. पेलिती उत्तम छायाचित्रकारही होता. १९१४ साली तो मायदेशी निवर्तला. आज त्याची छायाचित्रे अभ्यासकांना पाहावयास मिळतात. उपाहारगृह मात्र नाही.

पेलितीनंतर कलकत्त्यात नाव गाजले ते अँजेलो फिर्पो यांचे. ग्रँड हॉटेलच्या जवळ, चौरंगीवर, पहिल्या मजल्यावर त्यांचे भोजनगृह होते. सज्जातून समोर मैदान दिसे. तेथील दुपारच्या जेवणाची ख्याती दूरवर होती आणि फिर्पोचा पाव तर घरोघरी ठाऊक होता.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन १९६२ साली येथे आले. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. एका पावसाळी संध्याकाळी ते आईला घेऊन फिर्पोत गेले. वडिलांनी कोट शेजारच्या बंगाली बाबूंकडून उसना आणला होता. आईने लग्नातील शालू नेसला होता. दोघेही कट्टर शाकाहारी. पाव, लोणी, उकडलेल्या भाज्या आणि शेवटी आईस्क्रीम, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. त्या चैनीपायी महिन्याच्या भाजीचे पैसे संपले, असे आई सांगे. पुढे आठ गावी बदल्या झाल्या. पण "तसा पाव पुन्हा कुठे खाल्ला नाही," हे तिचे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे रुळले.

योगायोगाने माझीही बदली याच शहरी झाली. वडील तेव्हा हयात नव्हते. आईने दूरध्वनीवर पहिला प्रश्न केला, "फिर्पो आहे का रे अजून?"

सरकारी माणूस प्रथम कागदाकडे वळतो. शनिवारी अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन मी थॅकरच्या जुन्या निर्देशिका चाळू लागलो. त्यांत रस्त्यांची नावे, घरांचे क्रमांक आणि तेथील रहिवासी व दुकाने यांची ओळीने नोंद असे. मग टिपणवही घेऊन मी चौरंगीवर उभा राहिलो. रस्त्याचे नाव आता जवाहरलाल नेहरू मार्ग. भोजनगृह कधीच बंद पडले होते. त्या जागी फिर्पोज मार्केट नावाचा बाजार झाला आणि २००२ साली त्यालाही आग लागली. पदपथावर फेरीवाल्यांची गर्दी होती. त्यांतील एका वृद्ध विक्रेत्याला मी फिर्पोविषयी विचारले. "पाव फार चांगला होता," तो म्हणाला. आत पाऊल टाकण्याची ऐपत त्याच्या वडिलांना कधीच नव्हती; पण पाव त्यांनीही खाल्ला होता.

मी तेथूनच आईला सर्व हकीकत सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मैदान आहे ना?" मी म्हटले, "आहे. पाऊसही पडतो आहे."

बंधुभगिनींनो, त्या शोधात एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. त्या काळची सर्वच नावे पुसली गेली नाहीत. पार्क स्ट्रीटवरचे फ्लुरीज एका स्विस दांपत्याने १९२७ साली काढले. नंतर ते भारतीय उद्योगसमूहाकडे गेले आणि आजही चालू आहे. मुंबईच्या फोर्ट भागात माँजिनी नावाच्या इटालियन बंधूंचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय होता. १९५८ साली तो खोराकीवाला कुटुंबाने घेतला. आज त्या नावाची केकची दुकाने कोलकात्याच्या गल्लोगल्ली आहेत. येथील मुलाला विचारा, ते नाव त्याला आपल्याच पाड्यातले वाटते. संस्था टिकतात त्या वारसांमुळे. आणि वारस रक्ताचेच असले पाहिजेत असे मुळीच नाही.

याचा आपल्या मंडळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. गतवर्षी गणेशोत्सवात अथर्वशीर्षाच्या पठणाचे नेतृत्व ज्या सूनबाईंनी केले, त्या माहेरच्या बंगाली. आपल्या ग्रंथालयाची सूची ज्या गृहस्थांनी दोन वर्षे खपून तयार केली, ते ओडिया. मराठी त्यांनी पुण्याच्या शिक्षणकाळात आत्मसात केली. आपल्या घटनेनुसार मात्र या दोघांनाही मतदानाचा अधिकार नाही. कारण 'मातृभाषा मराठी' ही अट. आपली मुले बंगळुरूला किंवा परदेशी गेली आहेत. पन्नास वर्षांपूर्वी ती अट घालणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. पण आज ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत, त्यांनाच आपण पाहुणे म्हणतो आहोत.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत 'मातृभाषा मराठी' याऐवजी 'मराठीविषयी आस्था व कार्य' असे शब्द घालण्याची दुरुस्ती मी मांडणार आहे. सूचक मी आहे. नियमाप्रमाणे एक अनुमोदक लागतो. सभा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी मी कागद आणि लेखणी घेऊन उभा आहे.