औषधाची बाटली आणि नळाचे पाणी

रोग हा गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वचन ऐकावयास बरे वाटते. परंतु ते खरे नाही, आणि भोपाळ शहरात राहणाऱ्याला तर ते खरे मानणे शक्यच नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. तो हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत गेला आणि प्रथम कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरात, मग काझी कॅम्पसारख्या दाट वस्त्यांत शिरला. त्या रात्री वायूची दिशा वाऱ्याने ठरविली, हे खरे. पण कारखान्याच्या कुंपणाला टेकून कोणी राहावयाचे, हे काही वाऱ्याने ठरविले नव्हते. ते गरिबीने ठरविले होते.

या दुर्घटनेची कथा तेथेच संपली नाही. कारखाना बंद पडला, परंतु आवारात आणि आवाराबाहेरच्या तळ्यांत टाकलेली रासायनिक घाण मागे राहिली व तिचा अंश हळूहळू भूजलात उतरला. अन्नूनगर, ब्लू मून कॉलनी, अटल अयूबनगर या वस्त्यांतील माणसे वर्षानुवर्षे हातपंपाचे तेच पाणी पीत राहिली. त्यांच्यापैकी कित्येक जण तर वायुकांडानंतर तेथे राहावयास आले होते. वायूतून सुटले आणि पाण्यात सापडले. १९९९ साली ग्रीनपीस या संस्थेने तेथील माती व पाणी तपासले, तेव्हा त्यात विषारी द्रव्ये आढळली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरविण्याचा आदेश दिला. आवारात साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जाळण्यासाठी मात्र २०२५ साल उजाडावे लागले. आणि जमिनीत मुरलेले विष काही मालमोटारीत भरून नेता येत नाही.

आता अशी कल्पना करा की, या वस्तीतील एक बाई पोटाच्या विकाराने त्रस्त होऊन इस्पितळात जाते. तेथे तिला उत्तम वैद्य भेटतो, औषधाची बाटली मिळते, आणि ती घरी येऊन त्याच पंपाच्या पाण्याबरोबर ते औषध घेते. महिन्याने ती पुन्हा इस्पितळाच्या रांगेत उभी असते. इस्पितळाच्या वहीत तिची नोंद दोन रुग्ण अशी होते आणि कार्य दुप्पट झाल्याचे दिसते! दोष वैद्याचा नाही, औषधाचाही नाही. रोगाचे मूळ पाण्यात आहे, पाण्याचे मूळ तिच्या पत्त्यात आहे आणि पत्त्याचे मूळ तिच्या मजुरीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००८ साली हाच निष्कर्ष जगापुढे मांडला. माणसाचे आयुर्मान तो कोठे जन्मतो, काय खातो, कोणते काम करतो आणि त्याला मान किती मिळतो यांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

हे एकदा मान्य केले म्हणजे आजच्या विषयाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. समाजकार्यासाठी जो पैसा अनुदान म्हणून दिला जातो, तो कोणाला द्यावा आणि कशासाठी द्यावा?

भोपाळनेच याची दोन उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर संभावना ट्रस्टचे. १९९६ पासून कारखान्याच्या जवळच चालणारा हा दवाखाना देशोदेशींच्या हजारो सामान्य माणसांच्या लहान लहान देणग्यांवर उभा राहिला आहे. तेथे आधुनिक वैद्यकाबरोबर आयुर्वेद व योग यांचे उपचार विनामूल्य होतात. औषधी वनस्पतींची बागही आहे. परंतु माझ्या मते त्याचा विशेष असा की, त्याचे आरोग्य कार्यकर्ते वस्त्यांत घरोघर फिरतात, आजारांची नोंद ठेवतात आणि पाण्याविषयी लोकांना जागे करतात.

दुसरे उत्तर रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन स्त्रियांचे आहे. वायुपीडित कामगार स्त्रियांची संघटना त्यांनी बांधली; आपले गाऱ्हाणे घेऊन बायका भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. २००४ साली या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. सव्वा लाख डॉलरांची ती रक्कम! बहुसंख्य जखमींना भरपाई म्हणून प्रथम जे मिळाले, ते अवघे २५,००० रुपये होते, हे लक्षात घ्या. या दोघींनी ती रक्कम स्वतःच्या घरात न नेता तिच्यातून चिंगारी ट्रस्ट स्थापन केला. वायूच्या व दूषित पाण्याच्या झळा लागलेल्या कुटुंबांत जन्मलेल्या अपंग मुलांवर तेथे विनामूल्य उपचार होतात; त्यांना बोलावयास, चालावयास आणि शिकावयास मदत केली जाते. पैसा ज्याच्या हाती आला त्यालाच दुःखाची जागा ठाऊक होती; म्हणून तो नेमका तेथे पोहोचला.

महाराष्ट्रातही याचा दाखला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती. ती अन्नाची व पाण्याची होती. पुढे दुष्काळात मदतीच्या पैशातून विंधन विहिरी खोदल्या गेल्या आणि कित्येक गावी त्या मुद्दाम दलित वस्तीत घेण्यात आल्या. पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे जावे लागले. एकाच विहिरीने अतिसारावर आणि अस्पृश्यतेवर असे दोन्हीकडे घाव घातले. निरक्षर खेडूत स्त्रियांनाच त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पैसा नाही, असे म्हणता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यासाठी खर्चावे लागतात, आणि त्या कार्यांच्या यादीत प्रतिबंधक आरोग्य व शुद्ध पिण्याचे पाणी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु इमारत बांधली तर तिच्यावर नावाची पाटी लावता येते. अतिसार न झालेल्या मुलावर पाटी कोठे लावावी? परदेशी देणगीची वाटही अरुंद आहे. तिच्या नोंदणीसाठी संस्था साधारणतः ३ वर्षांची जुनी असावी लागते आणि तेवढ्या काळात तिने १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. शिवाय २०२० च्या दुरुस्तीपासून मोठ्या संस्थेला असा पैसा लहान संस्थेकडे सोपविता येत नाही. गल्लीत काम करणारे दहा बायकांचे मंडळ या दारातून आत शिरणार कसे?

हिशेब मागू नये, असे मी म्हणत नाही. शिक्षकाचा जन्म हिशेबातच जातो. परंतु किती खडू झिजले यावरून मुले किती शिकली, हे कोणी ठरवीत नाही. तसेच किती गोळ्या वाटल्या यापेक्षा किती घरांत स्वच्छ पाणी आले, किती मुले शाळेतून आजारासाठी गैरहजर राहावयाची थांबली, हे विचारणे अधिक योग्य नव्हे काय? आणि अशा कार्याला एका वर्षाचे अनुदान देऊन दुसऱ्या वर्षी फळ मागणे म्हणजे आंब्याची कोय लावून पावसाळ्याअखेर आमरसाची वाट पाहणे होय.

कोणी म्हणेल, नळ घालणे हे सरकारचे काम आहे. निःसंशय आहे, कोणत्याही संस्थेने सरकारला त्या कर्तव्यातून मोकळे करू नये. परंतु भोपाळच्या त्या वस्त्यांना न्यायालयाचा आदेश घरबसल्या मिळाला नाही. कोणी पाणी तपासून घेतले, कोणी आजार लिहून ठेवले, कोणी मोर्चे काढले, कोणी अर्ज केले. नळ सरकारने घालावा; पण नळ नाही हे वर्षानुवर्षे सांगत राहणाऱ्याच्या घरची चूलही पेटली पाहिजे. अनुदानाचे खरे स्थान तेथे आहे.

म्हणून, श्रोतेहो, आपण दान देताना, मग ते महिन्याला शंभर रुपयांचे का असेना, एवढे विचारावे : हा पैसा रोग्याकडे जातो, की रोगाच्या कारणाकडेही जातो? ते काम करणारी माणसे त्याच वस्तीतील आहेत काय? उत्तर समाधानकारक मिळाले, तर मग एकदाच देऊन थांबू नये. दर महिन्याला द्यावे, पुष्कळ वर्षे द्यावे आणि पाटीवर आपले नाव मागू नये. औषधाची बाटली एका माणसाला एक दिवस पुरते. स्वच्छ पाण्याचा नळ साऱ्या गल्लीला पुरतो, आणि तो कोणी आणला हे पुढच्या पिढीला ठाऊकही नसते. त्याने काही बिघडत नाही.