पाणी नितळ दिसतं, पण…

आजचा विषय ऐकून नाक मुरडाल. गू! तो आपल्या तोंडापर्यंत पोचतो कसा?

१९५८ मध्ये वॅग्नर आणि लानवा यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यातल्या आकृतीत या वाटा आहेत: पाणी, हात, माश्या, माती आणि या सगळ्यांतून अन्न. आपल्या रत्नागिरीत त्यात मी एक नाव जोडेन, जांभा दगड.

जांभा छिद्राछिद्रांचा. पाणी त्यातून भराभर खाली उतरतं, जंतू गाळले जायला वेळच मिळत नाही. त्यात आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. भूजल वर येतं आणि शोषखड्ड्यातली घाण भेगांतून विहिरीकडे सरकते. पाणी मात्र दिसतं नितळ! म्हणून संडास बांधला, फोटो काढला, की काम संपत नाही. खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा, असं सांगतात. जांभ्यात आणखी लांब, आणि विहिरीच्या खालच्या उताराला.

पण जागाच नसेल तर? दाट वस्तीत खड्डा नेणार कुठे? आणि चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं, हापूसच्या बागा राखणारे नेपाळी कामगार? ते राहतात खोपीत. तिथे बऱ्याचदा संडासच नसतो. रांगणारं बाळ हात मातीत घालतं, मग तोंडात. सारखे जुलाब होत राहिले, की खाल्लेलं अंगी लागत नाही. त्या आईला नुसतं ‘हात धुवा’ सांगून काय होणार? माझं स्पष्ट मत आहे, जो कामाला आणतो त्यानं संडास आणि पाणी द्यायलाच हवं.

आपण काय करायचं? ग्रामपंचायतीत विचारा, विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली? एच-टू-एस बाटलीची चाचणी मागा. बाटलीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. पाणी खळखळून उकळा. हंड्यात हात बुडवू नका, ओगराळ्यानं घ्या. जुलाब लागले की लगेच ओआरएस द्या आणि बाळ मलूल दिसलं तर थेट आरोग्य केंद्र गाठा.

तुमच्या वाडीत विहीर आणि खड्डा यांच्यात किती पावलं आहेत? मोजा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!