चोपण गायरानाची कैफियत



दर दुष्काळांत आम्ही वैरणीसाठीं आपल्या दारीं येतों. आज ही वैरण जेथें उगवावयाची, त्या जमिनीचीच कैफियत मांडावयाची आहे.

नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, तो अवर्षणाच्या मुलखास आधार व्हावा म्हणूनच. परंतु पाणी आलें, तशी निचऱ्याची सोय आली नाहीं. जमिनीखालचें पाणी वर चढलें, त्याबरोबर क्षारही चढले, आणि खोऱ्यांतील कित्येक काळीं रानें खारवट वा चोपण झालीं. आमच्या समितीनें हातीं घेतलेलें गायरान त्यांतलेंच.

खारवट आणि चोपण यांत भेद आहे. तो न जाणतां केलेला खर्च बुडाला म्हणून समजावें. खारवट जमिनीवर पांढरें मीठ फुलतें. निचरा असेल तर तें गोड्या पाण्यानें धुऊन जातें. चोपणींत सोडियम चिकणमातीच्या कणांसच बिलगलेला असतो. भिजली कीं ती साबणासारखी बुळबुळीत होते, वाळली कीं दगड. पाऊस वर डबक्यांत साचतो आणि वीतभर खालीं माती कोरडीच! अशा ठिकाणीं गवताचें बीं फेकून आम्हीही एकदां देणगीदारांचा पैसा दवडला, हें कबूल केलें पाहिजे.

उपाय जिप्समचा. त्यांतील कॅल्शियम सोडियमास हुसकून त्याची जागा घेतो. मग सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरांवाटे वाहून जावा लागतो. चर नसतील तर जिप्समचीं पोतीं वायां. पोत्यांचा भार व्यापारी मंडळींनीं उचलावा. जमीनदार मंडळींनीं मात्र आपल्या शेतांतून चर जाऊं द्यावा. बांधावरचे तंटे कोर्टांत लढविण्यांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें, ही दुसरी मागणी अधिक जड आहे हें आम्ही जाणून आहों.