घायपाताची जोपासना

झाडें पाण्यावांचून मरतात हें आपण सारेच जाणतों. परंतु पाण्यानेंच मेलेल्या एका झाडाची हकीकत आज मी सांगणार आहें.

कबनूरला आमच्या अंगणांत पिवळ्या कांठाच्या पानांचें घायपाताचें एक शोभिवंत झाड होतें. भोंवतालीं सारा उंसाचा मुलूख. पाणी देणें म्हणजेच माया करणें, अशी आमची समजूत. आम्ही त्यास रोज तांब्याभर पाणी घालीत असूं. उघडीप मिळाली कीं पावसाळ्यांतहि. श्रावणांत एके दिवशीं मधल्या कोंबास हात लावला, तों तो अलगद उपटून आला. बुंधा आंतून सडला होता.

घायपाताचें मूळ घर मेक्सिकोकडील कोरडा मुलूख. पान हाच त्याचा रांजण. दिवसां उन्हांत तें पानांवरील सूक्ष्म छिद्रें मिटून घेतें आणि रात्रीच्या गारव्यांत उघडतें. त्यामुळें पाण्याचा व्यय फार थोडा होतो. अशा काटकसरी जिवास पाणी धरून ठेवणारी आमची काळी जमीन कशी मानवावी? आपल्या खेड्यांतून बांधावर हेंच झाड कुंपण म्हणून उभें असे. त्याच्या पानांचा वाख काढून दोर वळीत. त्यास कोणी पाणी घालीत नसे, आणि तरी तें जोमानें वाढे.

सुदैवानें बुडाशीं फुटलेलें एक पिल्लू शाबूत होतें. तें कोयत्यानें वेगळें केलें, कापलेली बाजू सुकावी म्हणून आठ दिवस सावलींत ठेवलें, आणि वीतभर उंच वरंब्यावर भरपूर उन्हांत लावलें. मातींत निम्मी जाड वाळू व मुरूम मिसळला. मूळ धरीपर्यंत बेताचें पाणी. पुढें उन्हाळ्यांत १५ दिवसांतून एकदां, पावसाळ्यांत मुळींच नाहीं. कुंडींत लावल्यास तळाशीं भोंक अवश्य हवें.

पानाच्या टोकाचा कांटा दाभणासारखा असतो. मुलें खेळतात तेथून झाड दूर लावावें. रस अंगास लागल्यास आग होते व पुरळ उठतो; म्हणून छाटतांना हात आणि डोळे जपावे.

हें झाड शंभर वर्षांनीं फुलतें ही दंतकथा होय. बहुधा १० ते ३० वर्षांत मधून उंच दांडा निघतो, कधीं २० फुटांहूनहि उंच. तो फुलतो आणि मूळ झाड वाळून जातें. त्या वेळीं घाबरून तांब्या घेऊन धांवूं नये. त्याचें आयुष्य पुरें झालेलें असतें. बुडाशीं पिल्लें असतील तीं जपावीं.

उन्हाळ्यांत घरांत पिण्याच्या पाण्याची ओढ असतां अंगण हिरवें ठेवणारें झाड हवें, तर हें लावावें. मात्र पाणी घालण्यापूर्वीं बोट मातींत खुपसून पाहावें. ओल लागली तर तांब्या तसाच परत न्यावा. एवढें पथ्य पाळलें तरी पुरे.