मत टाकलं म्हणजे हिशेब मिटला नाही
(युवक मेळाव्यातलं भाषण)



मी गोदीत हमाली करतो. कंत्राटी. बोट लागली तर पाळी, नाही तर घरी. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. भाषणाची सवय नाही, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

विषय दिलाय, आपण आणि आपण निवडून दिलेले लोक. विषय ऐकल्या ऐकल्या मागची पोरं हसली. हसणारच. नगरसेवक, आमदार म्हटलं की आपल्या तोंडात आधी शिवी येते. दलाल, चमचा, कंत्राटदाराचा भागीदार. मीही देतो शिव्या. पण शिवी देऊन आपण घरी जातो, अन् तो तिकडे पंख्याखाली निवांत बसतो. आपण पाच वर्षं त्याचं तोंड बघितलं नाही, की त्याला आणखी काय पाहिजे? आपला हा तिटकारा त्याच्याच पथ्यावर पडतो, एवढंच मला आज सांगायचंय.

महाडचं चवदार तळं आपण दरवर्षी 20 मार्चला आठवतो. त्याच्या आधीचं कागदाचं प्रकरण किती जणांना ठाऊक आहे? ऑगस्ट 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले करा. ठराव पास झाला. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. कागदावर! पुढची तीन वर्षं त्या पाण्याचा थेंब आपल्या कुणाच्या ओंजळीत आला नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे तो ठराव पाण्यापर्यंत पोचला. आणि पुढे काय झालं? 4 ऑगस्ट 1927 ला त्याच नगरपालिकेने तोच ठराव मागे घेतला. कोर्टकचेरी होऊन हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च 1937 उजाडला.

ठराव करणारी नगरपालिका तीच, मोडणारीही तीच. दारात कोण उभं आहे ते बघून ती वागली. मोर्चा संपवून आपली माणसं गावोगाव परतली; ज्यांना तळं बाटल्यासारखं वाटत होतं, त्यांची ऊठबस मात्र रोजच महाडात होती.

बाबासाहेबांना हे पक्कं कळलं होतं. 1937 मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी खोती मोडायचं बिल मांडलं. आता बिल मांडलंय, बघू काय होतं, असं म्हणून ते बसले नाहीत. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. कौन्सिलात ते स्वतः सभासद होते, तरी बाहेर माणसं लागतात हे त्यांना माहीत होतं. रीगलजवळ आज जिथं राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे तोच तो कौन्सिल हॉल. इमारत मूळची खलाशांच्या वसतिगृहाची, हे आम्हा गोदीवाल्यांना सांगायला आवडतं. मोर्चाचं शिष्टमंडळ बाळासाहेब खेरांना भेटलं. बिल तेव्हा पास झालं नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. म्हणजे एका मोर्चात काम होत नाही, हेही त्यातच आलं.

आता कुणी म्हणेल, आपला माणूस राखीव जागेवर बसलाय, तो बघेल. बघत नाही, मित्रा! कारण 1932 च्या पुणे करारात 148 जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. आज विधानसभेत 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींना राखीव आहेत. त्या जागेवरचा माणूस जातीने आपला, मतांनी सगळ्यांचा. नुसत्या आपल्या मतांवर त्याचं भागत नाही, म्हणून निवडून आला की त्याची मान दुसरीकडे वळते. तो आपला आहे म्हणून त्याला माफी द्यायची नाही. उलट त्याच्या दारात जास्त खेपा घालायच्या.

बहिष्काराचं हत्यारही आपल्याला ठाऊक आहे. जानेवारी 1974 मध्ये पँथरने मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला. वरळी पेटली, परळच्या मोर्चात भागवत जाधव गेला. काँग्रेसचा उमेदवार पडला. मत नाकारणं हीसुद्धा बोली आहे, आणि ती तेव्हा ऐकू गेली. पण एकाला पाडणं वेगळं आणि जो आला त्याला कामाला जुंपणं वेगळं. पहिलं आपल्याला जमतं. दुसरं आपण कधी मनापासून केलंच नाही.

नगरसेवक नसला तर काय होतं तेही मुंबईने बघितलं. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. जवळपास चार वर्षं प्रशासकाचं राज्य. गटार तुंबलं तर जाब विचारायचा कुणाला? साहेब तर कुणाच्या मताने येत नाही, मताने जातही नाही. आता 227 नगरसेवक आलेत. बरे-वाईट आहेत, पण त्यांना पुन्हा आपल्यापुढे हात जोडायचे आहेत.

आमच्या वस्तीचं सांगतो. जमीन दिल्लीच्या खात्याची, नळ महापालिकेचा. नगरसेवकाकडे गेलं की तो म्हणायचा, जमीन केंद्राची, खासदाराला भेटा. खासदाराचा माणूस म्हणायचा, संडास-पाणी वॉर्डाचं काम. असा आमचा चेंडू झाला होता. मग आम्ही एक केलं. गोदीत टॅली क्लार्क असतो. प्रत्येक खेपेला किती पोती गेली, किती फाटली, तो लिहून ठेवतो. तो नसला तर माल कुठे गेला याला पुरावा नाही. तशी आम्ही वही घातली. कुणाला भेटलो, तारीख, तो काय बोलला, पुढची तारीख कोणती दिली. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का. शिक्क्याशिवाय उठायचं नाही. नगरसेवकाने चहा पाजला, मंडळाला क्रिकेटचं किट देतो म्हणाला. आम्ही म्हटलं, किट नको, तारीख द्या. चौथ्या खेपेला वही त्याच्यासमोर उघडली आणि त्याचेच शब्द त्याला वाचून दाखवले. संडासाची दारं बसली, टाकी उपसली गेली. दिवा अजून लागलेला नाही. वही चालू आहे.

आणि शिष्टमंडळात पोरंच पोरं नकोत. घोषणा आपण छान देतो, पण नळाला पाणी किती वाजता येतं, किती हंडे भरल्यावर जातं, हे आपल्याला कुठं माहीत असतं? आमच्या चाळीतली एक मावशी वॉर्ड ऑफिसात बोलायला लागली तेव्हा इंजिनिअरला घाम फुटला. मी माझी कविता तिथं वाचली असती तर त्याने ऐकून चहा मागवला असता.

पैशाचंही विचारा. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात. नियम सांगतो, त्यातली किमान 15 टक्के रकमेची कामं अनुसूचित जातींच्या वस्तीत आणि साडेसात टक्के आदिवासींच्या वस्तीत सुचवायची. आपल्या खासदाराने कुठली वस्ती धरली? माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा त्यात संताप ओतू नका. आकडे मागा. संतापाला आपलं मासिक आहे.

आमदाराला विचारा, अधिवेशनात आमच्या वस्तीवर प्रश्न टाकला का? टाकला तर त्याची प्रत दाखव. नसेल तर प्रश्न आपण लिहून नेऊ. कुणी कुणाचे पाय धरायला जात नाहीये. संविधान सभेच्या अखेरीस बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती माणसाला हुकूमशहाच्या दारी नेते. आपल्याच पोरांनी वाढदिवसाचे बॅनर लावले की मला तेच आठवतं. ज्याच्या बॅनरला आपण दोरी बांधली त्याला जाब कुठल्या तोंडाने विचारणार?

बाहेर टेबलावर वह्या ठेवल्यात. प्रत्येक वस्तीने एक घ्यावी. पहिल्या पानावर नगरसेवक, आमदार, खासदार यांची नावं, वॉर्ड नंबर आणि त्यांच्या ऑफिसची वेळ लिहा. येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही सातजण दिव्यासाठी पुन्हा जातोय. कुणाला बघायचं असेल त्याने यावं. मात्र दोन मावश्यांना घेऊन यावं. दुपारी माझी पाळी आहे, उशीर करू नका.