गाडी रोजची की दसऱ्याची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १ मे २०२५ रोजी क्लब हाउसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना केलेले काही विनोद चिटणीसांनी गाळले आहेत, त्याला माझी संमती आहे.)



कमिटीने मला विषय दिला होता ‘बँकेतील माझे अनुभव’. मी म्हटलं, पंचवीस वर्षांत ते तुम्ही लिफ्टमध्ये येता-जाता पुष्कळ ऐकले आहेत. त्यापेक्षा खाली पार्किंगमध्ये सात नंबरच्या जागेवर जी क्रीम रंगाची म्हातारी उभी असते, तिच्याबद्दल बोलतो. कारण गेल्या दोन वर्षांत या इमारतीतल्या निदान वीस जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "काका, एवढी जुनी गाडी भाजी आणायला कशाला काढता? जपून ठेवा की. दसऱ्याला, लग्नाकार्याला काढावी." आमचे चिरंजीव पुण्याहून फोनवर हेच सांगतात, फक्त आवाज जरा चढवून.

तर आधी ओळख. गाडी प्रीमियर पद्मिनी. पहिली नोंदणी मार्च १९७५. मी ती १९८४ साली दुसऱ्या हातची घेतली, बँकेच्या कर्मचारी वाहन कर्जातून. नवी घ्यायची तर त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावं लागे. इंजिन १०८९ सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि गिअरचा दांडा खाली नसून स्टीअरिंगलाच. आजची मुलं आत बसली की आधी गिअर शोधतात.

ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातली. १९४४ साली ती कंपनी काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आपल्या जिल्ह्याशी त्यांचं नातं तुम्हाला ठाऊक असेलच. मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखाना त्यांचाच, आणि लहानपणी आपण ज्या रावळगावच्या गोळ्या चघळल्या त्याही तिथल्याच. प्रीमियरने पुढे इटलीच्या फियाटशी करार केला. पहिल्या गोल-गरगरीत मॉडेलला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. नंतर आली ती चौकोनी ११००, आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव ‘पद्मिनी’ झालं. म्हणजे इटलीत जन्मलेली, कुर्ल्यात वाढलेली, नाशकात नांदलेली अशी ही बाई आहे.

आता मुद्द्यावर येतो. हा प्रश्न आमच्या घरी नुसत्या गप्पांचा राहिला नव्हता. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. आमच्या गाडीची मुदत या मार्चमध्ये संपत होती, आणि नेमकी त्याच महिन्यात तिला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पन्नास वर्षं झाली की दुसरी एक वाट उघडते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांचे वेगळे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे बदल केलेले नसावेत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढे नूतनीकरणाला ५,०००. कागदावर मान मोठा. चिरंजीव खूश.

पण नियम नीट वाचला पाहिजे. ही बँकेची सवय, बारीक अक्षर आधी वाचायचं. त्यात लिहिलं आहे की अशी गाडी रस्त्यावर आणता येईल ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, व्हिंटेज रॅलीसाठी आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेण्यासाठी. रोजच्या वापरासाठी नाही, धंद्यासाठी तर नाहीच. मी चिरंजीवांना विचारलं, "अरे, नवरात्रात तुझ्या आईला कालिकेच्या दर्शनाला न्यायचं तर ते प्रदर्शन धरायचं का तांत्रिक संशोधन?" तो गप्प. तुम्ही म्हणता तशी ‘फक्त दसऱ्याला काढायची’ सोयसुद्धा त्यात धड बसत नाही, मंडळी.

म्हणजे टेबलावर दोन अर्ज होते. एका अर्जाने गाडी दागिना झाली असती, दुसऱ्याने ती गाडीच राहिली असती.

दागिन्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा हेकट आहे. या गाडीला सीटबेल्ट नाहीत, एअरबॅगचा प्रश्नच नाही. ड्रम ब्रेक तापले की पकड सैल होते, म्हणून कसारा घाट मी बारा वर्षांपूर्वीच सोडला. रात्री हायवेवर नेत नाही. पावसात वायपर इतक्या सावकाश चालतो की दोन फेऱ्यांमध्ये रस्ता आठवून चालवावं लागतं. मागे मुंबई नाक्यावर एका रिक्षाने डावा मडगार्ड चेपला, तर बदली मडगार्ड मिळायला चार महिने लागले. दर वेळी गेटबाहेर काढताना हा धोका असतोच, आणि एक वाईट ठोकर बसली तर पन्नास वर्षांची वस्तू एका मिनिटात भंगारात जाईल. हे सगळं खरं आहे.

तरीही. आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट सांगतो, ते आपल्या सोसायटीतले नाहीत. त्यांच्याकडे याच जातीची गाडी होती, माझ्यापेक्षा किती तरी चांगल्या स्थितीत. मुलगा अमेरिकेला. "तो आला की चालवेल" म्हणून त्यांनी ती शेडमध्ये लावली, वर जाड कव्हर, खाली विटा. रोज कव्हरवरची धूळ झटकत. अकरा वर्षांनी मुलगा आला, बहिणीच्या लग्नाला. नवरीला याच गाडीतून न्यायचं ठरलं. कव्हर काढलं. चाकं जागची हलेनात, कारण ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून आवळले होते. टाकीत पेट्रोलच्या जागी तांबूस चिखल. कार्बुरेटरमध्ये डिंकासारखा थर. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं आणि मागच्या सीटमध्ये त्यांचंच बाळंतपण झालेलं. वरून रंग मात्र आरशासारखा होता. नवरी भाड्याच्या गाडीतून गेली.

असं का होतं, ते आमच्या द्वारक्याकडच्या मेस्त्रींनी मला समजावलं. ते उर्दूमिश्रित मराठीत म्हणतात, "साहेब, गाडी चालून झिजते, उभी राहून सडते. झीज भरून निघते, सड नाय निघत." ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, गाडी उभी असली की तो ओलावा एकाच जागी बसून गंज धरतो. रबरी सील तेलात भिजत राहिले तर मऊ राहतात, कोरडे पडले की तडकतात. टायर महिनोन्‌महिने एकाच जागी टेकला की तिथे चपटा होतो. त्यात आता नवी भर पडली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पूर्वी टाकीतलं पेट्रोल तीन-चार महिने राहिलं तरी चालून जाई, आता मी तीन आठवड्यांच्या वर राहू देत नाही. जुन्या रबरी नळ्याही या पेट्रोलला टिकत नाहीत, त्या मी सगळ्या बदलून घेतल्या.

मात्र ‘रोज चालवा’ म्हणजे रोज चालू करून बंद करा, असं नव्हे. काही जण खाली येऊन पाच मिनिटं इंजिन गुरगुरवतात आणि वर जातात. त्याने नुकसानच जास्त. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, आणि चालू करायला जेवढी बॅटरी गेली तेवढीसुद्धा परत भरत नाही. डायनमोच्या गाडीत तर नाहीच. माझी फेरी ठरलेली आहे. सकाळी सव्वासहाला निघून गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत आणि परत, येताना भाजी. वीस-पंचवीस मिनिटं. आठला रस्ता भरायच्या आत ती सातच्या जागेवर असते.

बँकेत असताना एक नियम होता, अजूनही आहे. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. पैसे जागच्या जागी असतात, एक रुपया कमी होत नाही. पण आणीबाणीला काढायला गेलं की फॉर्म भरा, ओळख पटवा, उद्या या. आपल्या इमारतीत २००४ साली चारचाक्या किती होत्या, जुन्या सभासदांना आठवत असेल. सहा. त्या वर्षी जुलैमध्ये रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. यजमान दौऱ्यावर. पाऊस मी म्हणत होता. चोक ओढला, दुसऱ्या किल्लीला गाडी लागली, बारा मिनिटांत दवाखाना. ती रोज चालणारी होती म्हणून लागली. त्या रात्री जन्माला आलेला मुलगा आज इथे लाऊडस्पीकर सांभाळतो आहे, म्हणून नाव घेत नाही, लाजेल.

अजून एक गोष्ट, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलं. तरी इतकी वर्षं सुटे भाग मिळत कसे होते? माझ्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. रोज दीडशे-दीडशे किलोमीटर पळणारी गाडी रोज काहीतरी मागते. क्लच प्लेट, किंगपिन, सिलेंडरचं किट. मागणी होती म्हणून कुर्ल्याच्या बाजारात माल होता, आणि माल होता म्हणून नाशकातला मेस्त्री मला "उद्या देतो" म्हणू शकत होता. मुंबईतल्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. हिशेब तुम्हीच करा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली, लोकांनी फोटो काढले. माझ्या मेस्त्रींनी मात्र त्याच आठवड्यात मला फोन केला, "साहेब, व्हील सिलिंडरचे दोन सेट घेऊन ठेवा." संग्रहालयात ठेवलेल्या गाडीला व्हील सिलिंडर लागत नाही. गाड्या सगळ्याच शोभेच्या झाल्या तर तो बनवणारा कारखाना बंद होतो, आणि मग ज्याला चालवायची आहे त्यालाही ती चालवता येत नाही. तिकडे क्यूबात, हवानाला, १९५०च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या अजून टॅक्सी म्हणून धावतात. तिथे त्या हौसेपोटी टिकल्या नाहीत, दुसरी गाडी मिळत नव्हती म्हणून टिकल्या. रोज लागतात म्हणून रोज कोणीतरी त्या दुरुस्त करतं.

तर फेब्रुवारीत मी साध्या नूतनीकरणाचा अर्ज भरला. फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला नेली. निरीक्षक तरुण मुलगा होता. त्याने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला आणि विचारलं, "आजोबा, व्हिंटेज का नाही करत?" मी म्हटलं, "मला मेथी आणायची असते." तो हसला आणि सही केली. मार्च २०३० पर्यंत गाडी सुटली.

माझं तसं नाही. वाहन परवानाही या वयात पाच वर्षांचाच मिळतो, डॉक्टरच्या दाखल्यासह. माझा २०२७ ला संपतो, तेव्हा मी शहात्तरचा असेन. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, उजव्याचं व्हायचं आहे. डॉक्टर सही देतील की नाही, मला माहीत नाही. नाही दिली तर मी हट्ट करणार नाही, तुमच्या मुलांनी भरलेल्या रस्त्यावर तो हट्ट चालणारही नाही. म्हणजे गाडीची मुदत माझ्यापेक्षा तीन वर्षांनी जास्त आहे. सौभाग्यवती म्हणतात, "तेव्हा तरी कव्हर घालाल ना?" त्यावर आमचं अजून एकमत नाही.

आता कमिटीच्या परवानगीने पार्किंगबद्दल दोन शब्द. आपल्याकडे ताडपत्रीखाली तीन वाहनं आहेत. एक स्कूटर तर बहुतेक सोसायटीच्या वयाची आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत ती हटवायची की नाही यावरून आवाज चढले होते. मालकांना माझं सांगणं एवढंच, की हटवायची की ठेवायची याआधी एकदा ताडपत्री काढून चावी फिरवून बघा. मी मेस्त्रींना येत्या रविवारी दहा वाजता बोलावलं आहे. पहिल्या तपासणीचे पैसे मी देतो, पुढचं ज्याचं त्याने पाहावं.

आणि दुसरं. दुसऱ्या मजल्यावरची आपली एक मुलगी, इंजिनिअरिंगला आहे, गेले चार शनिवार माझ्याबरोबर सोमेश्वरला येते आणि परतीला स्टीअरिंग तिच्या हातात असतं. परवाना तिच्याकडे आहे. दांड्याचा पहिला आणि तिसरा गिअर तिचा अजून चुकतो, पण चोक मात्र ती माझ्यापेक्षा चांगला ओळखते, कान तरुण आहेत. आणखी कोणाला शिकायचं असेल तर शनिवारी सव्वासहाला सात नंबरपाशी यावं. परवाना बरोबर आणावा, उंची कमी असेल तर एक उशीही आणावी, सीट खाली बसली आहे. आणि येताना रिकामी पिशवी आणलीत तर भाजीचंही काम होईल.

चहा तयार आहे असं मागून खुणावत आहेत.