गिळण्याची तपासणी किती खरी?

पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला तोंडाने पाणी कधी द्यायचं? हे ठरवायला बहुधा स्पीच थेरपिस्टना बोलावतात, कारण बोलायला आणि गिळायला जीभ-घसा तोच. पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

घशाच्या मागच्या बाजूला काडीने स्पर्श करून उमासा येतो का ते पाहायचं, ही जुनी रीत. उमासा आला की गिळणं ठीक, असा समज. १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निरोगी माणसांची पाहणी छापून आली, तेव्हा त्यांतल्या ३७ टक्के लोकांना उमासा येतच नव्हता! दहा तज्ज्ञांनी तपासलं आणि दहाही जणांचं उत्तर एकच आलं, तरी त्यातून गिळण्याबद्दल काही कळत नाही. तपासणी काटेकोर असणं वेगळं आणि हवं तेच मोजणारी असणं वेगळं.

दुसरी तपासणी पाण्याची. सुमारे ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायचं. ठसका लागला किंवा मध्येच थांबावं लागलं, तर नापास. अमेरिकेत डेब्रा सूटर आणि स्टीव्हन लेडर यांनी ३००० रुग्णांत ती नाकातून घातलेल्या दुर्बिणीशी ताडून पाहिली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या श्वासनलिकेत खरंच काही उतरत होतं, त्यांतले ९६.५ टक्के या साध्या तपासणीत सापडले. मात्र ज्यांच्या श्वासनलिकेत काहीच उतरत नव्हतं, त्यांतलेही निम्म्याहून अधिक नापास ठरले.

म्हणून पास झालेल्याबद्दल बरंचसं निर्धास्त राहता येतं. नापास होणं हा मात्र निकाल नव्हे. पुढे दुर्बिणीने किंवा बेरियम पाजून एक्स-रेखाली पाहायलाच हवं. आपल्याकडे लहान गावांत ही सोय सहसा नसते, आणि मग अन्न देण्यासाठी नाकातून घातलेली नळी तशीच राहते. ज्याला भाताची पेज गिळता आली असती, त्याला ती चाखायलाही मिळत नाही. मला हे फार लागतं.

घरी चमचाभर पाणी देऊन, ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र कोणी ठरवू नये. घशाची संवेदना बोथट झाली असेल तर पाणी आत उतरतं आणि खोकलाही येत नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांचं गिळणं सुधारतं. तेव्हा नळीसह घरी सोडत असतील, तर गिळण्याची तपासणी पुन्हा केव्हा आणि कुठे होणार, हे विचारून कागदावर लिहून घ्या.